रविवारची भेट

१

सोमवारी सकाळी स्वयंपाकी जोतीराम चहाची किटली घेऊन वरच्या मजल्यावर गेला आणि रिकाम्या हातानं ओरडत खाली आला. किटली जिन्यातच सांडली होती.

"आक्का, इंगवल्यांचा विजू उठंना झालाय! गार पडलाय वो!"

राजारामपुरीतल्या एका बोळात, दोन दवाखाने आणि एक कोचिंग क्लास यांच्या मधोमध, डॉक्टर सुशीला नाडगौडांचं व्यसनमुक्ती केंद्र होतं. पेशंटपासून कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यापर्यंत सगळे डॉक्टरीणबाईंना आक्का म्हणत. आक्का धावत वर गेल्या. नाडी बघितली, पापण्या वर करून बघितल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. विजयसिंह इंगवले, राहणार मलकापूर, तिशीला टेकलेला. तीन महिने केंद्रात राहून माणसात आला होता आणि येत्या पाडव्याला घरी जाणार होता.

फौजदार विद्याश्री कोरे पोचली तेव्हा बोळात गर्दी जमली होती. क्लासची पोरं वह्या छातीशी धरून खिडकीकडं बघत होती. हे दोन हजार तीन सालचं. तेव्हा कोल्हापुरात बाई फौजदार म्हटलं की लोक आधी तिच्या टोपीकडं बघत आणि मग तिच्यामागच्या हवालदाराशी बोलत. विद्याश्रीला त्याची सवय झाली होती. उलट त्याचा तिला उपयोगच व्हायचा, कारण लोक हवालदाराशी बोलत असताना तिला माणसं निवांत न्याहाळता यायची.

मेलेल्याचे ओठ निळे पडले होते. अंगावर सुईची खूण नव्हती, मारहाण नव्हती, खोलीत काही फुटलं नव्हतं.

"पोटात गोळ्या गेल्यात," आक्का म्हणाल्या. "बाहुल्या बघा. टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात."

"आत गोळ्या येतातच कशा?"

"येत नाहीत. बाहेरचं फाटक कुलपात असतं. नातेवाईक फक्त रविवारी दुपारी येतात. प्रत्येकाची पिशवी उघडून बघतो आम्ही."

"काल फाटकावर कोण होतं?"

दाराशी उभा असलेला उंच, वाळलेला माणूस पुढं झाला. "मी होतो."

ज्ञानू हवालदारानं त्याच्याकडं बघितलं आणि विद्याश्रीच्या कानाशी लागला. "बाई, ह्यो श्रीशैल पट्टणशेट्टी. कळंब्याच्या जेलात सहा वर्षं काढून आलाय, गोळ्या इकल्या म्हणून. आन ह्या मेलेल्या पोराला कॉलेजात पयली गोळी खायला घातली ती ह्यानंच. सगळ्या राजारामपुरीला ठावं हाय."

२

आक्कांच्या ऑफिसात विद्याश्रीनं त्याला समोर बसवलं. ती संकेश्वरची, तो गडहिंग्लजचा. दोघांच्याही घरची बोली कन्नड.

"खरे हेळपा," ती म्हणाली. खरं सांग बाबा.

"खरंच सांगतो मॅडम." त्यानं उत्तर मराठीतच दिलं. "लपवण्यासारखं काही शिल्लक ठेवलेलं नाही मी."

सिद्धाप्पा पट्टणशेट्टी म्हणजे गडहिंग्लजच्या बाजारातले मिरचीचे मोठे अडते. श्रीशैल त्यांचा धाकटा. त्र्याण्णव साली कॉलेजसाठी कोल्हापुरात आला. राजारामपुरीत खोली, बुडाखाली नवी आरएक्स हंड्रेड मोटरसायकल आणि डोक्यात वारं. एसटीला डावीकडून घालून पुढं काढायची, सिग्नल तोडून पोलिसाला सलाम ठोकायचा, असले उद्योग. चौकात सयाजी नावाच्या माणसाचं मेडिकलचं दुकान होतं. त्यानं एकदा ही मस्ती बघितली आणि पोराला हाक मारली.

"एवढी रग हाय तर कामाला लाव की मर्दा," सयाजी म्हणाला.

काम सोपं होतं. बेळगावकडून येणारी खोकी रात्रीत आणायची आणि हॉस्टेलांवर पोचवायची. आत निळ्या कॅप्सूल. दुखण्यावरचं औषध, पण मूठभर खाल्लं की जग कापसाचं व्हायचं. श्रीशैलला घरून हवं ते मिळत होतं, त्याला कशाची गरज नव्हती. त्याला आवडायचा तो नाक्यावरचा क्षण. सीटखाली खोकं आणि पोलीस हात दाखवून 'जा' म्हणतोय. पुढं पुढं तो स्वतःच मुठीनं खाऊ लागला.

"विजू आमच्यात सगळ्यांत भित्रा," श्रीशैल सांगत होता. "पन्हाळ्याच्या घाटात शर्यत लागायची. हा वळणावर ब्रेक दाबायचा. पोरं हसायची. एकदा रडकुंडीला आला. मी म्हणालो, ही खा, भीती मरती. त्यानं खाल्ली. त्या दिवशी तो पहिला आला."

विद्याश्रीनं वहीचं पान उलटलं.

"माझ्या खोलीत अजून एक पोरगा होता. दोन महिने गावाकडं राहिला, त्याचं सुटलं. परत आल्यावर पहिल्याच दिवशी आधीएवढ्याच खाल्ल्या. मी त्याला चादरीनं पाठीला बांधला आन गाडीवरनं दवाखान्यात नेला. रस्ताभर त्याची हनवटी माझ्या खांद्यावर आपटत होती. मला वाटलं, जिता आहे."

दवाखान्यातून तो पळाला नाही. चालत पोलीस ठाण्यावर गेला, सयाजीचं नाव दिलं, आपलंही दिलं. सिद्धाप्पांनी त्याच दिवशी मुलाचं नाव टाकलं. त्याची आई शांतव्वा, तो आत असतानाच गेली. त्याला कळवलं महिन्यानं. सुटून आला तेव्हा त्याला कोणी दारात उभं करीना. आक्कांनी केलं.

"विजूला मी स्वतः मलकापुरातनं आणला. तीनदा दुसरीकडं बरा होऊन तीनदा बिघडला होता तो. ह्या खेपेला मी त्याच्या पलंगाशेजारी जमिनीवर झोपलो. त्याच्या उलट्या काढल्या. त्यानं मला लाथा घातल्या, थुंकला. पण महिन्यापूर्वी एका सकाळी उठून म्हणाला, श्रीशा, भूक लागलीय."

"काल फाटकावर सगळ्यांच्या पिशव्या तपासल्यास?"

त्याची मान खाली गेली.

"हौद्री," तो म्हणाला. होय जी.

एवढा वेळ मराठीत बोलणारा माणूस या एकाच उत्तराला आईच्या भाषेत का शिरला, हे विद्याश्रीच्या ध्यानात राहिलं.

३

दुपारी मलकापूरहून जीप आली. पुढं बसलेले कृष्णात इंगवले उतरले. गावच्या दूध संस्थेचे चेअरमन, पांढरेशुभ्र कपडे, मागं चार माणसं. फाटकात श्रीशैल दिसताच त्यांनी त्याच्या तोंडात भडकावली.

"भाड्या, माझं पोरगं खाल्लंस!"

श्रीशैलनं हात वर केला नाही. दुसरी बसली, तिसरी बसली. ज्ञानूनं मध्ये पडून चेअरमनांना आत नेलं.

विजूची आई शालूबाई जीपमधून आपल्या आपण उतरल्या आणि पायरीवर बसून राहिल्या. त्या रडत नव्हत्या. त्यांचं डावं मनगट वाकडं होतं, मोडून भलतंच जुळलेलं.

"गेल्या दिवाळीला पोरानं मोडला हात तिचा," कृष्णातराव विद्याश्रीला म्हणाले. "गोळ्यांला पैसं देईना म्हणून उंबऱ्यावर ठेवून मोडला. मी बगत हुतो. लेकीचं लगीन दोनदा ठरलं आन दोनदा मोडलं, त्येच्यापायी. आता तिसऱ्यांदा ठरलंय. पावणं चांगलं हाईत."

"विजयसिंहला ह्या गोळ्या कुणी दिल्या असतील?"

"मला काय इचारताय? कुठली गोळी, किती खाल्ली की मानूस मरतंय, मला काय ठावं? मी दुधातला मानूस! त्या फाटकावरच्याला इचारा. जलमभर त्येच केलंय त्येनं."

"काल तुम्ही भेटायला आलतात?"

"मी न्हाय. संस्थेची मिटिंग हुती. ही आल्ती एकटी."

विद्याश्री बाहेर पायरीवर शालूबाईंच्या शेजारी जाऊन बसली. "मावशी, काल काय बोलला तो?"

"हसला," शालूबाई म्हणाल्या. "म्हणला, आई, पाडव्याला गुढी मी उभारणार. ह्या हातावरनं हात फिरवला."

"तुम्ही काय काय दिलंत त्याला?"

"दशम्या दिल्या. दूध दिलं. आन..."

"आवो बाई, मेलेल्या पोराच्या आईला किती इचारशीला?" कृष्णातराव दारातून गरजले. "मानसं हायसा का कोन?"

शालूबाईंचं तोंड मिटलं ते मिटलंच. मागची चार माणसं पुढं सरकली होती. विद्याश्री उठली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ज्ञानूची हाक आली. पिठाच्या डब्यामागं त्याला एक पुडकं सापडलं होतं. जोतीराम भिंतीला टेकला. पुडकं उघडलं तर आत तंबाखू.

"पेशंट मागत्यात बाई," जोतीराम रडायला लागला. "चिमूट चिमूट देतो. गोळीला हात लावला असंल तर हात झडंल माझा."

आक्कांनी त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं. मग चुलीवर डाळ करपायला लागली तेव्हा परत ठेवून घेतलं.

४

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन दुसऱ्या दिवशी आला.

"गोळ्यांनीच गेला. त्याच निळ्या कॅप्सूलमधलं औषध. पण बाई, गंमत आहे. ते गिळलेल्या कॅप्सूलचं नाही. कॅप्सूल उघडून भुकटी काढलेली असणार, कारण ती कशात तरी कालवलेली होती."

"कशात?"

"राखेत. बारीक, चाळलेली राख. पोटात राख घेऊन आलेला पेशंट मी पहिल्यांदा बघितला."

ही गोष्ट विद्याश्रीनं ज्ञानूलाही सांगितली नाही. ती केंद्रावर गेली आणि आक्कांना एकच विचारलं. "किती गोळ्यांत मेला असेल तो?"

"फार नाही. तो रोज जेवढ्या खायचा, साधारण तेवढ्याच." आक्कांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शरीर सवयीनं सोसतं, फौजदारबाई. सवय मोडली की सोसणं जातं. व्यसनी माणूस परवा ज्या मुठीनं झोपायचा, त्याच मुठीनं तीन महिन्यांनी मरतो. बरा झालेला माणूस जास्त नाजूक असतो."

"हे कुणाकुणाला माहीत असतं?"

"डॉक्टरांना. आणि ज्यांनी डोळ्यांनी बघितलंय त्यांना."

म्हणजे श्रीशैलला. दोघींच्याही मनात तेच नाव आलं आणि दोघींनीही ते उच्चारलं नाही. उच्चारायची गरजही पडली नाही, कारण दार ढकलून तोच आत आला. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला होता.

"मॅडम, मला अटक करा," तो म्हणाला. "विजूला गोळ्या मी दिल्या."

आक्का उभ्या राहिल्या आणि त्यांच्या हाताच्या धक्क्यानं चष्मा खाली पडला.

५

"बस," विद्याश्री म्हणाली. "कधी दिल्यास?"

"रविवारी संध्याकाळी."

"कुठून आणल्यास?"

"जुनी ओळख असती की. मिळतात."

"कशा दिल्यास? नीट सांग, लिहून घ्यायचंय."

"हातावर ठेवल्या. निळ्या कॅप्सूल. त्यानं तोंडात टाकल्या, वर पाणी प्याला."

"आणखी काही दिलंस? खायला, चाटायला?"

"नाही. नुसत्या कॅप्सूल आन पाणी."

"का दिल्यास?"

याचं उत्तर त्यानं तयार केलेलं नव्हतं. बोळातून भाजीची गाडी ओरडत गेली.

विद्याश्रीनं पेन खाली ठेवलं. "श्रीशैल, तू त्याला काहीही दिलेलं नाहीस. ते औषध त्याच्या पोटात कसं गेलं हे ज्यानं दिलं त्यालाच माहीत आहे, आणि तुला माहीत नाही. कुणासाठी चाललाय हा शहाणपणा?"

"मीच दिलं मॅडम. पहिली गोळी मी दिली तेव्हाच मेला तो. तुम्ही लिहा."

"पुन्हा आत जायची एवढी हौस असेल तर दुसरं काहीतरी कर. माझ्या कागदावर खोटं येणार नाही."

त्याला आक्कांजवळ सोडून ती स्वयंपाकघरात गेली. जोतीराम कणीक मळत होता.

"जोतीराम, रविवारी फाटकावर श्रीशैलनं कुणाची पिशवी तपासली नाही?"

जोतीरामनं कणीक आणखी जोरात मळली. मग तंबाखूची आठवण करून दिल्यावर बोलला. "विजूच्या आईची. त्या बाई आल्या की ह्यो मान खाली घालून उभा ऱ्हातोय. कवाच बगत न्हाई त्येंच्याकडं. नेहमी चेअरमन संगं असत्यात, त्येंची पिशवी तपासतोय. ह्या खेपेला बाई एकट्याच आल्या, मग तसंच सोडलं."

म्हणजे श्रीशैलला वाटत होतं की आईनं मायेपोटी लेकाला गोळ्या आणून दिल्या. आणि ते पाप स्वतःच्या माथी घ्यायला तो निघाला होता. पण आई गोळ्या द्यायची तर गोळ्याच देईल. राखेत कशाला कालवील? राखेत कालवतो तो, ज्याला गोळी लपवायची असते. मुलापासून लपवायची, किंवा देणाऱ्या हातापासूनही.

विद्याश्री आक्कांकडं परतली. "तुम्ही म्हणालात, बरा झालेला माणूस जुन्याच मुठीनं मरतो. हे नातेवाइकांना कधी सांगितलं होतंत?"

"दर महिन्याला एक बैठक घेतो पालकांची. गेल्या बैठकीत श्रीशैलच बोलला. तो पाठीला बांधून नेलेला मुलगा... सगळं सांगितलं त्यानं. बायका रडत होत्या."

"इंगवल्यांकडून कोण आलं होतं?"

"कृष्णातराव. शालूबाई लेकीच्या लग्नाच्या गडबडीत होत्या, त्या नव्हत्या." आक्का बोलता बोलता थांबल्या. "ते शेवटी उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, म्हणजे जेवढ्या रोज खायचा तेवढ्याच? मला बरं वाटलं, फौजदारबाई. म्हटलं, हा बाप काळजी करतोय."

"मी दुधातला मानूस," विद्याश्री स्वतःशीच म्हणाली आणि ज्ञानूला जीप काढायला सांगितली.

६

मलकापुरात इंगवल्यांच्या घरासमोर मांडव नव्हता, पण माणसं होती. सोप्यात कृष्णातराव भिंतीला टेकून बसले होते. लेक अनुजा पाणी घेऊन आली. डोळे सुजलेले, हातात लग्नासाठी भरलेल्या हिरव्या बांगड्या, त्या कुणी उतरवायला सांगितलं नव्हतं की ठेवायला सांगितलं नव्हतं.

विद्याश्रीनं बाहेरच्या माणसांना अंगणात घालवलं आणि दोघा नवराबायकोंना समोरासमोर बसवलं.

"मावशी, काल पायरीवर तुमचं बोलणं अर्धं राहिलं. दशम्या, दूध आणि काय?"

"अंगारा," शालूबाई म्हणाल्या. "वाडीचा."

"नृसिंहवाडीचा? कुणी आणला?"

"ह्यांनी. ह्ये गेल्ते वाडीला. म्हणले, पोरगं घरी यायच्या आधी दत्ताचा अंगारा पोटात जाऊ दे. दुधात कालव आन समोर पाज, तिथल्या मानसांला कळू देऊ नको, ती डाक्टरीण असलं मानत न्हाई."

कृष्णातराव हलले नाहीत.

"चेअरमन, तुम्ही हे मला सांगितलं नाहीत."

"देवाचं असतंय. त्येच्यात सांगन्यासारकं काय?"

"उरलाय का तो अंगारा?"

"न्हाई," कृष्णातराव म्हणाले. "संपला सगळा."

"हाय की," शालूबाई म्हणाल्या.

नवऱ्यानं बायकोकडं बघितलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली असतील, इतकं नीट त्यांनी तिच्याकडं कधी बघितलं नसावं. शालूबाई उठल्या, देव्हाऱ्यातून कागदाची घडी घेऊन आल्या आणि वाकड्या हातानं उलगडली. तळाशी चिमूटभर राख होती. राखेत पांढुरके कण होते.

"थोडा राखून ठेवला. अनुजाला अक्षता पडायच्या येळी लावावा म्हणून."

विद्याश्रीनं कागद हातात घेतला आणि तो कृष्णातरावांपुढं धरला. "घ्या चेअरमन. देवाचा आहे. चिमूटभर जिभेवर ठेवा."

"मला उपास हाय."

"अंगाऱ्याला उपास आडवा येत नाही."

"मी म्हणतोय न्हवं, नको म्हणून!"

"घ्या की वो," शालूबाई म्हणाल्या. "लेकाच्या नावानं घ्या."

कृष्णातरावांनी हात मांडीखाली घातले. अगदी लहान मुलासारखे, दोन्ही हात. कपाळावरून घाम उतरून मिशीत गेला. शालूबाई त्या मांडीखाली गेलेल्या हातांकडं बघत राहिल्या. मग कागदाकडं बघितलं. मग पुन्हा नवऱ्याकडं. विद्याश्रीला त्यांना काहीच सांगावं लागलं नाही.

शालूबाईंनी झडप घातली ती कागदावर. विद्याश्रीनं हात मागं खेचला म्हणून बरं, नाहीतर उरलेली राख शालूबाईंच्या तोंडात गेली असती. वाकडं मनगट विद्याश्रीच्या मुठीत सापडलं आणि शालूबाई कळवळल्या. आतून अनुजा धावत आली. "काय झालं? आई, काय झालं?"

७

जीपमध्ये कृष्णातराव आपणहून बोलले. पश्चात्तापाचा लवलेश आवाजात नव्हता. एखाद्या ठरावावर बोलावं तसं बोलले.

"मी इख दिलं न्हाई. त्यो रोज खायचा तेवढ्याच दिल्या. कडब्याच्या गंजीत लपवलेल्या त्येच्याच हुत्या. तीनदा बरा हून आला, बाई. तीनदा मी पेढं वाटलं. तिसऱ्यांदा पेढ्याचा बॉक्स हातात असताना आईचा हात मोडला त्येनं. आता लगीन तोंडावर. मांडवात त्यो गोळ्या खाऊन आला असता तर पोरगी हिरीत गेली असती. एक गेला तर दोघी जगतील, असा हिशेब केला मी."

"आणि पाजायला आई."

"माझ्या हातचं त्यो खात नव्हता," कृष्णातराव म्हणाले. "तिच्या हातचं खायचा."

पण पोलिसापुढची कबुली कोर्टात उभी राहत नाही, आणि चेअरमनांचा वकील हे जाणून होता. ठाण्यावर गेल्या गेल्या कृष्णातरावांचं तोंड बंद झालं. अंगारा आपण आणलाच नाही. बायकोनं कुठून आणला, तिला विचारा. पुडी तिच्या देव्हाऱ्यात सापडली, दूध तिनं पाजलं. तिचा हात मोडलेला, तिला राग असणारच.

शालूबाईंनी ते ऐकलं आणि मान डोलावली. "व्हय. मीच दिला. माझंच नाव लिवा."

विद्याश्रीनं समजावलं, ती रागावली, पण उपयोग झाला नाही. गावातून माणसं येऊन शालूबाईंच्या कानाशी लागत होती. चेअरमन आत गेले तर संस्था जाईल, लेकीचं लग्न तर गेलंच, निदान घर राहू दे. शालूबाईंचं एकच उत्तर. मीच दिला. फाशी द्या.

पाडव्याच्या आदल्या दिवशी त्या ठाण्यावर आल्या आणि म्हणाल्या, "त्या पोराला बोलवा. फाटकावरच्या."

श्रीशैल आला. दारातच थांबला, नेहमीसारखी मान खाली.

"वर बघ," शालूबाई म्हणाल्या. "पयली गोळी तू दिल्तीस?"

"व्हय."

"आन शेवटची मी पाजली. तुज्या-माज्यात सांगायला लाजायचं काय उरलं न्हाई. म्हणून इचारते. डाक्टरीण मला बरं वाटावं म्हणून बोलंल. तू खोटं बोलू नको." त्यांनी श्वास घेतला. "त्येचं सुटलं हुतं का? का चौथ्यांदाबी तसंच झालं असतं?"

विद्याश्रीला कळलं, बाई काय मागतेय ते. 'झालं असतं' म्हण, एवढंच मागतेय. पोरगं कधीतरी मरणारच होतं, म्हण. मग बापानं केलं त्याला काही अर्थ राहतो, मग नवऱ्याच्या जागी तुरुंगात जाता येतं. श्रीशैललाही ते कळलं होतं. आठवड्यापूर्वी याच बाईसाठी तो स्वतःवर खून घ्यायला निघाला होता. एक खोटं बोलणं त्याच्या मानानं काहीच नव्हतं. त्यानं मान वर केली आणि त्यांच्याकडं बघितलं.

"सुटलं होतं," तो म्हणाला. "मी दोनशे माणसं बघितली असतील, मावशी. सगळ्यांचं सांगता येत नाही. विजूचं सांगतो. सुटलं होतं त्याचं. तो जगला असता."

शालूबाईंच्या तोंडातून आवाज निघाला तो माणसाचा वाटत नव्हता. त्या बाकावरून खाली जमिनीवर बसल्या. श्रीशैल त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसला. त्यांनी त्याला मारलं, चांगल्या हातानं आणि वाकड्या हातानंही, तोंडावर, खांद्यावर, आणि तो हलला नाही. ज्ञानू पुढं झाला तर विद्याश्रीनं त्याला अडवलं. मारून मारून त्या थकल्या, तेव्हा त्याच्याच खांद्याचा आधार घेऊन उठल्या आणि टेबलासमोरच्या खुर्चीवर बसल्या.

"लिवा फौजदारबाई," त्या म्हणाल्या. "माज्या मालकानं कागदाची पुडी माज्या हातात दिली. मी ती दुधात कालवली. त्यो एक घोट प्याला आन म्हणला, आई, लई कडू लागतंय गं. मी म्हणलं, गप गिळ, देवाचं हाय. माज्याकडं बगत बगत त्यानं सगळं गिळलं."